हाताखालून गेलेली माणसं

आमच्या मत्स्यविज्ञान संस्थेत कनिष्ठांना वरिष्ठांचं मार्गदर्शन मिळत नाही, असा निष्कर्ष वरच्या कार्यालयाच्या पाहणी पथकाने काढला, त्या वेळी तळमजल्यावरच्या एका खोलीत मार्गदर्शन चालू होतं. पथक दारावरून जात असताना आतून आवाज आला, "डोळे आहेत की बटणं? ते वर्तुळ खोटं आहे. पुन्हा बघ." पथकाने थांबून हे नीट ऐकलं, 'कर्मचाऱ्यांमध्ये विसंवाद आढळला' अशी नोंद केली आणि ते चहाला वर आलं.

आवाज खडेसरांचा होता. माशाच्या कानात दोन बारीक खडे असतात, तांदळाच्या कणीएवढे. झाडाच्या बुंध्यात असतात तशी त्या खड्यांतही वर्षागणिक वर्तुळं वाढत जातात आणि ती मोजली की माशाचं वय कळतं. ऐकायला हे सोपं आहे. अडचण अशी, की मासा उपाशी राहिला, आजारी पडला किंवा पाणी तापलं, तरी एक वर्तुळ उमटतं. ते खोटं. खरं आणि खोटं शेजारी शेजारी असतात आणि दिसायला सख्ख्या भावांसारखी. हा फरक ओळखणारा संस्थेत एकच माणूस होता, म्हणून त्यांचं नाव खडेसर. दुसरं कारण असं, की ते बोलायचेही खडेच.

त्यांच्यासमोर बसून ऐकून घेणारी ती 'नवी'. ही आमची कनिष्ठ शास्त्रज्ञ. संस्थेत येऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर भरतीच झाली नाही, त्यामुळे ती नवीच राहिली. वर्षअखेरीस खडेसर निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची, त्यांचा सूक्ष्मदर्शक आणि त्यांची सही या तिन्ही गोष्टी तिच्याकडे यायच्या होत्या. सही साधी नव्हती. मासा कोणत्या वयात पहिल्यांदा अंडी घालतो हे खड्यांवरून ठरतं, त्यावरून जाळ्याची भोकं केवढी ठेवायची ते ठरतं, आणि त्या भोकांवरून पुढे समुद्रात मासा उरणार की नाही, ते.

"सर, माझी अजून बरीच चुकतात," ती म्हणायची.

"चुकतात हे कळतंय ना तुला? मग जमेल. ज्याची एकही चुकत नाही, त्याला या खोलीत घेऊ नकोस."

तर अशा विसंवादी वातावरणात परिपत्रक येऊन थडकलं. मी तेव्हा संस्थेचा फर्निचर विभाग सांभाळत होतो. कोणती खुर्ची कोणाखाली असावी, याचा दांडगा अनुभव असल्यामुळे संचालकांनी मला 'मार्गदर्शन समन्वयक' नेमलं. मी परिपत्रक भक्तिभावाने वाचलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: 'प्रत्येक कनिष्ठ शास्त्रज्ञ हा मान्यताप्राप्त वरिष्ठाच्या हाताखालून गेलेला असावा.'

हाताखालून म्हणजे नेमकं काय करायचं, अशी मी लेखी विचारणा केली. उत्तर तत्परतेने आलं: 'परिपत्रकातील शब्दांचा आपल्या पातळीवर अर्थ लावू नये. शब्दशः कार्यवाही करावी.'

मग प्रश्नच उरला नाही. दर सोमवारी सकाळी वरिष्ठ मंडळी पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी राहू लागली. उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा. कनिष्ठांनी रांगेने यायचं, आपापल्या मार्गदर्शकाच्या हाताखालून जायचं आणि पलीकडच्या टोकाला माझ्याकडे हजेरी लावायची. कनिष्ठांपैकी काहींचे केस पांढरे झाले होते आणि काही जण चांगलेच उंच होते, त्यांना वाकावं लागायचं. वाकण्याचं वेगळं प्रशिक्षण मात्र द्यावं लागलं नाही, ते त्यांना नोकरीत आल्यापासून येतच होतं. एका वरिष्ठांचा खांदा आखडला, तर त्यांचा हात टेकवायला मी माझ्या जुन्या विभागातून एक उंच स्टूल आणून दिलं.

घरी हिला सगळं रंगवून सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे बालवाडीत खेळतात तसं?"

"बालवाडीत हजेरीनंतर अहवाल पाठवत नाहीत," मी म्हणालो. बायकांना प्रशासन समजावून सांगणं कठीण असतं.

पहिल्याच आठवड्यात नवी माझ्या टेबलापाशी आली. "साहेब, मी खडेसरांच्या हाताखाली शिकतेच आहे. मला त्यांचाच हात द्या ना."

"त्यांचा हात मान्यताप्राप्त नाही."

"काय झालंय हाताला?"

"ते स्वतः कोणाच्या हाताखालून गेले होते, याचा पुरावा नाही. जो स्वतः गेला नाही, त्याच्या हाताखालून दुसरा कसा जाणार?"

हा मुद्दा तिला पटला नाही, म्हणून मी खडेसरांनाच बोलावलं आणि त्यांच्या गुरूंचा दाखला मागितला.

"ते वारले," खडेसर म्हणाले.

"वारले ते ठीक. पण त्यांचा हात?"

"हातही त्यांच्याबरोबरच गेला. वेगळा काढून ठेवायचं कोणाला सुचलं नाही. तुम्ही तेव्हा नव्हतात ना."

मी हे खडे बोल सेवेचा भाग म्हणून गिळले आणि नवीला नियमाप्रमाणे दुसरा मार्गदर्शक नेमून दिला. ते होते आमचे डबाबंद मासे विभागाचे प्रमुख. त्यांच्या विभागात मासा येतो तोच डोकं उडवून येतो. माशाला कान असतात ही गोष्ट त्यांनी त्यामुळे कधी पाहिली नव्हती, परंतु तत्त्वतः मान्य केली. मार्गदर्शनाचा त्यांना मनापासून उत्साह होता. नवीला समोर बसवून ते म्हणाले, "बेटा, या लहानसहान वर्तुळांत अडकून पडू नकोस. नेहमी मोठं करून बघायला शीक."

"मोठं करूनच बघते, सर. चाळीसपट."

"छान. पन्नासपट बघ," ते म्हणाले, आणि त्या दिवसाचं मार्गदर्शन पूर्ण झालं.

इकडे वरून दुसरं परिपत्रक आलं. मान्यता नसलेल्या व्यक्तीने कोणालाही काही शिकवल्यास ते 'अनधिकृत मार्गदर्शन' समजून कारवाई करावी. तळमजल्यावरच्या खोलीत दोघांनी एकत्र बसणं मी तात्काळ बंद केलं. फक्त जेवणाच्या सुट्टीत कर्मचाऱ्यांनी आपसांत कौटुंबिक गप्पा माराव्यात, एवढी मुभा परिपत्रकात होती. माणुसकी आमच्या खात्यात आहेच, ती कुठे संपते हे ठरलेलं असतं इतकंच.

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत नवी खडेसरांसमोर डबा घेऊन बसली आणि त्यांना मामा म्हणू लागली. मी पाठीमागच्याच टेबलाशी होतो.

"मामा, त्या धाकट्याच्या अंगावर एक पुसट रेघ आहे. ती धरायची का?"

"पूर्ण फिरून घरी परत येते का?"

"नाही, अर्ध्या वाटेत थांबते."

"मग त्या वेळी उपाशी होता बिचारा. उपासाची रेघ वयात धरायची नसते, भाचे. जी सगळीकडून फिरून घरी येते, ती घरची. बाकीच्या पाहुण्या."

"आणि थोरल्याच्या दोन रेघा एकमेकींना चिकटून आहेत, त्या?"

"एक घरची, एक पाहुणी. कोणती कुठली, ते तू मला उद्या सांग. मी सांगितलं तर ते माझं होईल."

त्या कुटुंबात इतकी उपासमार चालली आहे याचं मला फार वाईट वाटलं. माझ्या डब्यातली एक पोळी मी नवीला देऊही केली. पण रोजच्या रोज ऐकत गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की नवी आनंदात होती. दुपारी खोलीत एकटी बसून खडे वाचायची, दुसऱ्या दिवशी उत्तरं घेऊन यायची, आणि खडेसर नुसतं "हं" म्हणाले की तिचा चेहरा उजळायचा. हाताखालून जाताना तो कधी तसा दिसला नव्हता. एकदा तर खडेसर हसले. मी नियमावली काढून बसलो.

आणि निघालाच नियम. सख्खे नातेवाईक एकाच विभागात काम करू शकत नाहीत. मी नवीच्या बदलीचा आदेश तयार केला. डबाबंद विभाग.

ती धावतच आली. "साहेब, ते माझे मामा नाहीत हो."

"मग रोज जेवताना काय चाललं होतं?"

"शिकत होते."

"म्हणजे अनधिकृत मार्गदर्शन. दोघांवर कारवाई."

"नाही, म्हणजे... मामाच आहेत."

"मग बदली."

ती टेबलाची कड धरून उभी राहिली. रडली नाही. "तुम्हीच सांगा साहेब, मी त्यांची कोण लागू? सर वर्षअखेर जाणार. त्याच्या आधी मला ती पाहुणी रेघ ओळखता आली पाहिजे. नाही आली तर मी सही कशावर करू?"

मी काही दगड नाही. तिच्यासाठी मी बदलीचा आदेश बाजूला ठेवला, परिपत्रक पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचलं आणि तळटिपेत वाट सापडली. 'ज्यांचे गुरू हयात नसतील, त्यांनी संस्थेतील सर्वात ज्येष्ठ सजीवाच्या हाताखालून गेल्यास त्यांना मान्यता देता येईल.' मूळ शब्द बहुधा 'सचिव' असावा आणि टाइप करताना 'सजीव' झाला असावा. पण शब्दांचा अर्थ लावायला मनाई होती. शिवाय आमच्या संस्थेला सचिव नाहीत, सजीव आहेत.

सर्वात ज्येष्ठ सजीव कोण, यासाठी समिती बसली. संचालकांनी नम्रपणे खाली पाहिलं. तेवढ्यात त्यांच्याच खाली बसलेले उपसंचालक म्हणाले, "आपण सगळे रुजू झालो तेव्हा प्रवेशद्वारातल्या काचेच्या टाकीत आजोबा होते."

आजोबा म्हणजे मासा. मोठा, संथ, एका डोळ्याने जरा अधू. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तो अशा नजरेने बघायचा, की पाहुण्यांना तोच संचालक वाटे. त्याला हात नाही, ही अडचण मीच सोडवली. छातीकडचा पर हा हात समजावा. राहिला वयाचा पुरावा. संचालक म्हणाले, "नुसता थोराड दिसतो म्हणून कोणाला ज्येष्ठ मानता येणार नाही." यावर कोणीही कोणाकडे पाहिलं नाही. पुरावा म्हणजे कानातला खडा, हे शास्त्र संस्थेनेच जगाला सांगितलेलं होतं.

बैठकीला खास बोलावलेले खडेसर उठून उभे राहिले. "खडा कशाला? एक खवला काढा. खवल्यावरही वर्तुळं असतात, अंदाज येतो. मासा जगतो."

"खवला म्हणजे झेरॉक्स झाली," संचालक म्हणाले. "समितीला मूळ प्रत लागेल."

"मूळ प्रत काढली तर आजोबा मरतील," नवी म्हणाली.

"मारण्याचा प्रस्ताव कुठे आहे? ज्येष्ठता सिद्ध करण्याचा प्रस्ताव आहे."

खडेसर इतक्या हळू आवाजात बोलले, की ते तेच आहेत ना अशी शंका आली. "त्याला जगू द्या. मला तुमची मान्यता नको. या मुलीला माझे उरलेले दिवस माझ्यासमोर बसू द्या. दुसरं काही मागत नाही मी."

आम्हा सर्वांनाच ते भिडलं. संचालकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "भावना समितीने ऐकून घेतल्या. पुढचा विषय."

मंजुरी यायला वेळ लागतोच. ती आली तो खडेसरांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. आजोबांना सकाळीच बाहेर काढण्यात आलं. दुपारी खडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. खडेसर स्वतः लाभार्थी असल्यामुळे त्यांनी तो वाचणं नियमात बसत नव्हतं, म्हणून वाचायला नवी बसली. खडेसरांना समोरची खुर्ची दिली आणि बोलायला, मान हलवायला व खाकरायला बंदी केली.

नवी बघतच राहिली. आजोबा आयुष्यभर संस्थेच्या खर्चाने जेवले होते. जोडून सुट्ट्या आल्या की उपाशी, खाद्याची निविदा अडकली की उपाशी, परिषद भरली की त्यांना खाऊ घालणारा माणूस मंडपात, म्हणून उपाशी. आमच्या संस्थेचा सगळा कारभार त्या कणीएवढ्या खड्यात उमटला होता. शेवटी ती म्हणाली, "यात काही रेघा घरच्या आहेत आणि पुष्कळ पाहुण्या. वेगळ्या करायच्या तर सर शेजारी हवेत. आजच्या आज सांगते."

"पाहुण्या म्हणजे काय?" संचालकांनी विचारलं.

"खोट्या."

"संस्थेच्या माशात खोटं काहीही नाही. सगळ्या मोजा."

तिने खडेसरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तिने सगळ्या मोजल्या. आजोबा संस्थेपेक्षा वयाने मोठे निघाले, इमारतीपेक्षा मोठे निघाले, आणि संस्थेच्या पुढच्या रस्त्याचं काम निघालं त्याच्याही आधीचे निघाले. ज्येष्ठतेबद्दल आता शंकाच नव्हती. टाळ्या झाल्या. आजोबा आता सजीव नाहीत असं कोणीतरी म्हणालं, पण अर्ज केला त्या तारखेला ते होते, हे मी दाखवून दिलं.

मग दोन कारकुनांनी आजोबांना ट्रेसह उचलून धरलं, मी लाकडी पट्टीने त्यांचा पर उचलून आडवा केला, आणि खडेसर त्याखालून वाकून गेले. खडेसर वाकलेले आम्ही कोणीच पाहिले नव्हते. नवीसाठी वाकले, हे सगळ्यांना कळत होतं. नवीने मान फिरवली. प्रमाणपत्र त्यांना तिथेच दिलं. नियमाप्रमाणे ते पुढच्या कामकाजाच्या दिवसापासून लागू होतं.

पुढच्या कामकाजाच्या दिवशी खडेसर फाटकाशी आले. पहारेकऱ्याने कोणाला भेटायचंय ते विचारलं. "माझ्या विद्यार्थिनीला," ते म्हणाले. विद्यार्थिनीसाठी पास मिळत नाही, नातेवाइकांसाठी मिळतो. "मग भाचीला," ते म्हणाले. पहारेकऱ्याने मला फोन केला. नातं नसल्याचं नवीने स्वतः माझ्यासमोर सांगितलेलं होतं, आता खोटा पास कसा देणार? ते बरेच दिवस फाटकाबाहेरच्या बाकावर बसायला येत. खिशात भिंग असायचं. नवी जेवणाच्या सुट्टीत जाऊन शेजारी बसे. पण खडे संस्थेबाहेर नेता येत नाहीत आणि खडेसरांना आत आणता येत नाही. खडे सरकारी, डोळे खाजगी. दोन्ही एका जागी आणण्याची तरतूद नव्हती. मग पावसाळ्यात बाक कुजला आणि तो मी नियमानुसार उचलायला लावला. मला वाईट वाटलं. पण फर्निचरचा कार्यभार अजून माझ्याकडेच होता.

आजोबांच्या खड्याने संस्थेला मात्र दिशा दिली. 'सर्व वर्तुळे समान ग्राह्य' असं धोरण ठरलं. त्यामुळे खडे वाचणं सोपं झालं, कोणालाही जमू लागलं. पोरवयातले मासे कागदावर प्रौढ झाले, बोटाएवढे मासे आजी-आजोबा ठरले, आणि मग जाळ्याची भोकं लहान करायला कोणाचीच हरकत उरली नाही. एकट्या नवीने सही करायला नकार दिला. तिच्या तत्त्वनिष्ठेची कदर म्हणून तिला बढती देऊन मुख्य मार्गदर्शक केलं आणि सहीचं काम डबाबंद विभागाकडे दिलं. दर सोमवारी ती व्हरांड्यात हात आडवा धरून उभी असते. तिच्या हाताखालून आजवर कितीतरी जण गेले. खडा त्यांतल्या एकालाही वाचता येत नाही. मार्गदर्शनाच्या कामासाठी आमच्या संस्थेला यंदा ढाल मिळाली, ती रिकाम्या टाकीत ठेवली आहे.

परवा हिने बाजारातून मासे आणले. करंगळीएवढे.

"मोठे येतच नाहीत हल्ली," ही म्हणाली.

"वयाने मोठेच आहेत ते."

"मग वाढले का नाहीत?"

"तो विषय दुसऱ्या विभागाकडे आहे," मी म्हणालो आणि पानावर बसलो.

आपण आम्हाला हसत असाल, तर जरूर हसा. मात्र परवा बाजारात आमच्या हिच्या शेजारीच आपण उभे होतात. 'बारीकच बरे, कुरकुरीत होतात' असं म्हणत आपण टोपलीवरून हात फिरवलात आणि दोन ओंजळी जास्तच घेतल्यात. जेवताना दाताखाली काहीतरी कचकन लागलं, ते काटा समजून ताटाच्या कडेला काढून ठेवलंत. तो खडा होता. त्यावर एकही वर्तुळ पुरतं फिरून आलेलं नव्हतं.

अंडी घालण्याआधीच इतकी पिल्लं आपल्या हाताखालून गेली. शब्दशः पाहता आपण त्यांचे मार्गदर्शक ठरता. प्रमाणपत्र तयार आहे. सोमवारी या, येताना हात आणा.